नोरीनच्या दुकानातल्या मेलेल्या काठ्या

डेलमर प्रुइटला मासे कळायचे. म्हणजे तसे ते कॉपर क्रीकमध्ये सगळ्यांनाच कळतात. इथं पोरं धड चालायला लागायच्या आधी गळाला अळी लावायला शिकतात. पण डेलमरची गोष्टच वेगळी! तो बोटीत गळाची काठी धरून, टोपी नाकावर ओढून, डोळे मिटून बसायचा आणि पाण्याखाली वीस फुटांवर काय चाललंय ते सांगायचा.

"हा दगड. हे बुडालेलं झाड. ही एक बावळट सनफिश, नुसती चाखून बघतेय. आणि हा... थांबा, हा बास मासा! तीन पौंडांचा. भूक नाहीये त्याला, पण हावरट आहे." असं म्हणून मनगटाला एक हलकासा झटका द्यायचा की बास बोटीत!

त्यात त्याची मासेमारी नाजूक. केसासारखा दोरा, करंगळीएवढी रबरी अळी, आणि तळाशी ती अळी नुसती पडू द्यायची. अशा वेळी बास काही झडप घालत नाही, तो नुसता श्वास घेतल्यासारखा अळी तोंडात घेतो आणि आवडली नाही तर थुंकून मोकळा होतो. तेवढ्या अर्ध्या क्षणात काठीच्या मुठीत एक बारीकसं 'टिक' होतं. ते ज्याच्या बोटांना कळलं त्याला मासा मिळतो. बाकीचे घरी जाऊन सँडविच खातात.

त्यामुळे गावात काठी घ्यायची म्हटलं की लोक आधी डेलमरला गाठायचे. त्यानं काठीला 'जिवंत' म्हटलं तर घ्यायची, 'मेलेली' म्हटलं तर परत खुंटीवर. आणि दोन तुकड्यांच्या काठ्यांना तर तो हातही लावत नसे! "मधे सांधा आला की संपलं," तो म्हणायचा. "माशानं खालून निरोप धाडला तरी तो सांध्यापाशी कॉफी प्यायला थांबतो."

असा हा डेलमर मार्चच्या शेवटच्या शनिवारी नोरीन टॅकेटच्या तळ्याकाठच्या, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "नोरीन, जरा दोन तुकड्यांच्या काठ्या दाखव."

दुकानातले सगळे होते तिथेच थांबले. आमिषाच्या टाकीतले चिमुकले मासेसुद्धा घटकाभर पोहायचे थांबले म्हणे.

"काय रे, बरंबिरं नाही का?" नोरीननं विचारलं.

डेलमरकडे दोन कारणं होती. एक सांगण्यासारखं, आणि एक लपवण्यासारखं.

सांगण्यासारखं असं, की दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे त्याचे पाय बधिर झाले. ब्रेक कुठला नि अ‍ॅक्सिलरेटर कुठला हे तळव्यांना कळेना, तेव्हा पिकअप विकावी लागली. तेव्हापासून बायको, म्हणजे लव्हॉन, त्याला आपल्या इवल्याशा गाडीतून तळ्यावर आणायची. काठी होती सात फुटांची, गाडी होती डबीएवढी. शेंडा खिडकीतून बाहेर काढूनच प्रवास व्हायचा. बोटीत काठी ठेवून जा, असं लोक सुचवायचे. पण काठीला रात्री बोटीत ठेवणारा माणूस बायकोला अंगणात झोपवील, असं डेलमरचं मत होतं. आणि गेल्या मंगळवारी गावातून जाताना लव्हॉनला थंडी वाजली, आणि तिनं खिडकीचं बटण दाबलं.

कट्!

पंधरा वर्षांची काठी. लव्हॉननं नंतर त्याला पीच पाय, हा इथला फळांचा गोड पदार्थ, करून घातला, त्यानं तो दोनदा मागून घेतला, आणि विषय मिटला.

लपवण्यासारखं कारण मात्र वेगळं होतं. काठी मोडली म्हणून डेलमरला वाईट वाटायला हवं होतं, त्याला वाटलं सुटलो! कारण ती काठी जानेवारीपासून त्याच्याशी बोलतच नव्हती. टिक नाही, टुक नाही, दगड लागला तरी पत्ता नाही. आणि दोष काठीचा नव्हता. पायांचं जे झालं तेच आता बोटांचं होत होतं. सकाळी उठल्यावर बोटं अशी, जणू कुणी दुसऱ्याचीच आणून लावलीत.

हे तो लव्हॉनला सांगू शकत नव्हता. गेल्या शरद ऋतूत बोटीत उभं राहताना त्याचा पाय चुकला, तो धाडकन पाण्यात पडला, आणि लव्हॉननं त्याला पट्ट्याला धरून वर ओढलं होतं. वर आल्यावर ती म्हणाली होती, "नीट ऐक, डेलमर प्रुइट. पाय गेले ते गेले. ज्या दिवशी हातांचं असं होईल, त्या दिवशी बोट विकायची. मला या वयात विधवा व्हायचं नाहीये."

लव्हॉन बोलली की बोलली. तिच्या तोंडून निघालेला शब्द परत आत गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आणि बोट गेली तर काय काय जाणार होतं! मासे गेले असते तर तो रडला नसता. पण त्याचे पाय जाईपर्यंत बेचाळीस वर्षं लव्हॉन एकदाही बोटीत बसली नव्हती. तिला मासेमारीचा कंटाळा. गाडी तिला चालवावी लागायला लागली तेव्हा ती नाइलाजानं बोटीत बसली, आणि मग बसतच राहिली. थर्मासमधली कॉफी, मांडीवर शब्दकोडं, आणि अखंड बडबड! "डेलमर, सात अक्षरी फूल सांग." "डेलमर, तो बगळा बघ, अगदी आपल्या पाद्रीबाबांसारखा चालतोय." त्या दोन वर्षांतल्या सकाळी डेलमरच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या होत्या. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या ऐवजी तो तिच्या गाडीचं ऑइल बदलायचा.

तर नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं डेलमरनं मनाची समजूत घातली होती. बोटं थोडी मंद झालीत, एवढंच. काठी दुप्पट जिवंत घेतली की झालं! लव्हॉनला कळायचंच नाही. लव्हॉन केस सेट करायला पार्लरमध्ये शिरल्यावर, तो काठी टेकत टेकत पुढचे दोन चौक चालत आला होता. म्हणजे साधी, चालायची काठी.

"अकरा आहेत," नोरीन म्हणाली. तिनं दोन तुकड्यांच्या काठ्यांची अख्खी खुंटाळी त्याच्यापुढे सरकवली. "सगळा नवा माल. आत्ताच आलाय. आता सांधेबिंधे पूर्वीसारखे राहिले नाहीत हं डेलमर. बघ तरी."

आता काठी जिवंत की मेलेली हे ओळखायची एक रीत आहे. एकानं मूठ धरायची. दुसऱ्यानं काठीच्या शेंड्याचं टोक आपल्या गळ्याला, बरोबर कंठाच्या गाठीवर टेकवायचं आणि 'हूंऽऽ' करायचं. काठी जिवंत असली तर ते 'हूं' वरून खाली उतरत उतरत मूठ धरणाऱ्याच्या बोटांत गुदगुल्या करतं. काठ्या इथं अशाच घेतात. बाहेरगावचा माणूस बघून घाबरतो, तो भाग वेगळा.

नोरीननं पहिली काठी जोडली, शेंडा गळ्याला लावला, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "हूंऽऽऽ."

डेलमरनं डोळे मिटले. वाट पाहिली. काहीच नाही!

"मेलेली," तो म्हणाला.

"मेलेली? अरे, सगळ्यात चांगली आहे ती!"

"मला काही येत नाही बाई."

इथं त्याला एक साधी थाप मारता आली असती. "वा! काय जिवंत काठी!" म्हणायचं, पैसे द्यायचे, घरी जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण माणसाला एकेक गोष्टीत खोटं बोलताच येत नाही. डेलमर बायकोशी खोटं बोलला होता, डॉक्टरशी बोलला होता, शुगर तपासायच्या आदल्या दिवशी तर स्वतःशीही बोलायचा. पण काठीबद्दल? चाळीस वर्षांत नाही!

दुसरी काठी. "हूंऽऽऽ!"

"मेलेली."

तिसरी. नोरीननं आता नुसतं 'हूं' न करता राष्ट्रगीत म्हटलं. डेलमरनं टोपी काढली, पण काठी मेलेलीच निघाली.

चौथीपाशी शेल्फाजवळचा एक माणूस हळूच पुढे आला आणि हातातली काठी परत खुंटीवर ठेवून गेला. पाचवीपाशी आणखी दोघे. "डेलमर म्हणतोय माल खराब आलाय," अशी कुजबूज कॉफीच्या यंत्रापासून गळांच्या कपाटापर्यंत गेली. एकजण तर गेल्या आठवड्यात नेलेली काठी गाडीतून काढून परत घेऊन आला!

"नोरीन, ही तपासून घे गं. वाटलीच होती मला जरा मेल्यासारखी."

"काल हिच्यावर चार मासे धरलेस ना तू?"

"हो, पण मजा नाही आली."

नोरीनचा चेहरा उतरला. नवऱ्यामागं दुकान एकटीनं चालवणारी बाई ती. वसंतातला माल हा तिचा वर्षाचा आधार. "माझ्या गळ्यातच आवाज नसेल," ती म्हणाली, आणि तिनं हाक मारली, "हार्लन! ए हार्लन! इकडे ये, गळा दे!"

हार्लन बॅप्टिस्ट चर्चमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गातो. तो 'आमेन' म्हणाला की पुढच्या बाकावरच्या बायकांच्या पर्सा थरथरतात. त्यानं सहावी काठी गळ्याला लावली आणि 'येशू माझा मेंढपाळ' असा सूर सोडला की खिडकीची काच वाजायला लागली. काच वाजली, कॉफीचे कप वाजले, दाराबाहेरचं कुत्रं उठून गेलं.

"आलं का?" हार्लननं घाम पुसत विचारलं.

डेलमरनं जाणाऱ्या कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याला कळलं, आणि आपल्याला कळलं नाही!

"नाही," तो म्हणाला.

सातवीलाही नाही. आता मात्र नोरीननं फोन उचलला. "कंपनीला सांगते, सगळा माल परत घेऊन जा. डेलमर, बरं झालं बाबा तू आलास. नाहीतर मी लोकांना मेलेल्या काठ्या विकल्या असत्या! तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वर ती आभार मानत होती! डेलमरला वाटलं, आमिषाच्या टाकीत उडी मारावी.

"थांब, थांब," तो गडबडीनं म्हणाला. "एकदम माल परत नको पाठवूस. अजून... अजून मोठा गळा हवा."

आणि तेवढ्यात दारातून कर्नल एमेट आत आले. कर्नल कुठल्या लढाईत नव्हते. इकडे गुरांचा लिलाव करणाऱ्याला कर्नल म्हणायची पद्धत आहे. एकतीस वर्षं हा माणूस दर गुरुवारी गाईबैलांचा लिलाव पुकारतोय. त्यांच्या तोंडातून शब्द निघत नाहीत, मशीनमधून मका सोलून पडावा तसे पडतात.

"कर्नल!" चारी बाजूंनी हाक आली. "गळा द्या!"

सगळी हकिकत ऐकून कर्नलनी हॅट मागे सारली, आठवी काठी गळ्याला लावली आणि खाकरले. "पण मला माल लागतो हं. हवेत नाही पुकारता येत मला. काय विकू?"

"काहीही विका!"

कर्नलनी दुकानाच्या मोठ्या खिडकीतून बाहेर पाहिलं. धक्क्याला पहिलीच बोट डेलमरची बांधलेली होती. सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, पुढच्या बाकावर लव्हॉनची फुलाफुलांची उशी.

"हांऽऽ, तर मंडळी, सोळा फुटी बोट, मालक निर्व्यसनी, उशी मोफत, बोला पाचशे पाचशे पाचशे, कोण देतं पाचशे, अरे पाचशेला तर नुसती उशी येईल, बोलाऽऽ..."

डेलमरनं दोन्ही हातांनी मूठ आवळली, डोळे घट्ट मिटले आणि सगळा जीव बोटांत गोळा केला. ये, ये, काहीतरी ये! एक टिक तरी! बाहेर काय चाललंय याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

हार्लनचा त्या बोटीवर फार दिवसांपासून डोळा होता. कर्नल पुकारतायत हे पाहून त्याचा हात आपोआप वर गेला. गुरुवारची सवय ती! आणि मागे, आमिषाच्या टाकीशी, गर्दीआडून आणखी एक हात वर आला.

"पाचशे आले, सहाशे कोण, सहाशे मागून आले, सातशे हार्लन, मागून आठशे, हार्लन बघ, आठशेला चाललीय..."

"साडेआठ!" हार्लन ओरडला.

मागचा हात पुन्हा वर गेला.

"नऊशे! नऊशे मागून! हार्लन? नाही? मालक, देऊ का?"

इथली रीत अशी, की शेवटचा शब्द मालकाचा. कर्नल मालकाकडे बघतात, आणि मालकानं मान हलवली की सौदा पक्का. डेलमरला वाटलं, अजून थोडं, अजून थोडं जोरात पुकारलं तर नक्की येईल! म्हणून त्यानं डोळे न उघडताच जोरजोरात मान हलवली. चालू द्या, चालू द्या!

"एकवाऽऽर, दोनवाऽऽर, तीनवार! गेली!"

टाळ्या पडल्या. डेलमरनं डोळे उघडले.

"काय गेलं?"

"तुझी बोट," हार्लन खिन्नपणे म्हणाला.

"काय?"

"तूच तर मान हलवलीस!"

डेलमरचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "कर्नल, अहो, गंमत होती ना ही! काठीसाठी चाललं होतं!"

कर्नलनाही घाम फुटला होता. पुकारायला लागले की ते कुठे आहेत याचं त्यांना भान राहत नाही. "डेलमर," ते हळू आवाजात म्हणाले, "एकतीस वर्षांत मी 'गेली' म्हटलेली वस्तू परत आलेली नाही. माझी स्वतःची गाय मी अशीच घालवलीय. शब्द मागे घेतला तर येत्या गुरुवारी माझ्यापुढे कोण उभं राहील?"

ज्या बोटीसाठी तीन महिने लपवाछपवी केली, ती आपल्याच मानेनं घालवली. आता सकाळी कुठे जायचं? लव्हॉन पुन्हा स्वयंपाकघरात, आपण टीव्हीपुढे. सात अक्षरी फूल कुणाला विचारायचं तिनं? डेलमरला खरंच रडू येत होतं.

"घेतली कुणी?" त्यानं कसंबसं विचारलं.

गर्दी बाजूला झाली. आमिषाच्या टाकीशी, नुकतेच सेट केलेले केस सांभाळत, लव्हॉन उभी होती.

"मी," ती म्हणाली.

"लव्हॉन?" कर्नल डोळे बारीक करून पुढे वाकले. "लव्हॉन आहे ही?"

"तू आपलीच बोट विकत घेतलीस?" डेलमर म्हणाला.

"कुणी माझ्या नवऱ्याची बोट विकत असेल तर मी काय टाळ्या वाजवत उभी राहू? आणि तो हार्लन साडेआठशेला न्यायला निघाला होता! माझी उशी धरून!" ती पुढे आली. तिनं आधी नोरीनच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग नोरीनच्या डोळ्यांकडे, मग खुंटाळीकडे, आणि शेवटी डेलमरकडे. "काय रे, आठवी पण मेलेलीच का?"

तिनं एवढंच विचारलं. पण डेलमरला तिचे डोळे बेचाळीस अधिक दोन, चव्वेचाळीस वर्षं ओळखीचे होते. त्यात राग नव्हता. आता खोटं बोललं तर नोरीनचं दुकान बुडणार, आणि खरं बोललं तर... बोट तशीही गेलीच होती.

"नोरीन," तो म्हणाला, "फोन ठेव. तुझ्या काठ्यांना काही झालेलं नाही. सगळ्या जिवंत असतील. माझी बोटं मेलीत."

त्यानं आठवी काठी खुंटाळीला परत लावली.

"जानेवारीपासून काही कळत नाही मला. मी काठीला नावं ठेवत बसलो. माफ कर."

नोरीननं फोन ठेवला आणि नाक ओढलं. "गाढवा," ती म्हणाली, आणि पुढे येऊन तिनं त्याला मिठीच मारली. "मला वाटलं माझं दुकान गेलं! एवढंच होतं होय?"

"एवढंच काय! लाज वाटते ना."

"लाज कसली त्यात," हार्लन घसा साफ करत म्हणाला. "मला दोन वर्षं झाली, चर्चमध्ये पेटी ऐकू येत नाही. मी पाद्रीबाबांचं तोंड उघडलेलं दिसलं की सुरू होतो."

"तरीच गेल्या ईस्टरला तू प्रार्थनेच्या मधेच गायला लागलास!" नोरीन म्हणाली.

मग कर्नलनी हॅट काढली, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "कुणी बाहेर बोलणार नसाल तर सांगतो," ते म्हणाले. "मला तिसऱ्या रांगेच्या मागचं दिसत नाही. हात दिसतो, माणूस दिसत नाही. मघाशी बोट मी त्या मक्याची पेंड विकणाऱ्याला दिली असं मला वाटत होतं."

दुकान असं हसलं की बाहेर गेलेलं कुत्रं परत आत आलं. डेलमरही हसला, पण हसता हसता त्यानं लव्हॉनकडे चोरून पाहिलं.

"तुला... तुला ठाऊक होतं?"

"ख्रिसमसपासून," लव्हॉन म्हणाली. "बिडाचा तवा चुलीवरून उघड्या हातानं उचललास आणि 'बेकन झालंय गं' म्हणालास. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि तुझ्या शर्टांची बटणं बघ."

डेलमरनं छातीकडे पाहिलं. बटणं पूर्वीपेक्षा चांगली दुप्पट मोठी होती. तीन महिने तो ती लावत होता, आणि आपली बोटं सुधारतायत असं समजत होता!

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. पण तू कसला सांगतोस! तू आपला काठ्या मारत सुटलास."

"आता बोट..." डेलमर म्हणाला. "तू म्हणाली होतीस, हात गेले की बोट विकायची."

"म्हणाले होते. विकली ना! कुणाला विकायची ते कुठे म्हणाले होते?" लव्हॉननं पर्स काखेत मारली. "आता बोट माझी. मी नेईन तेव्हा जाईल, मी आणीन तेव्हा येईल, आणि जो कुणी तिच्यात बसेल तो लाइफ जॅकेट घालून, बूड टेकून बसेल. उभं राहायचं नाही! मला एक माणूस हवाय, मासे कुठे राहतात ते सांगणारा. पगार नाही. कॉफी मिळेल."

डेलमरनं मान हलवली. आज दुसऱ्यांदा, पण या वेळी डोळे उघडे ठेवून.

"पण मासा लागला हे कळणार कुणाला?" हार्लननं विचारलं.

"माझे हात काय नुसतं धुणं धुवायला दिलेत का?" लव्हॉन म्हणाली. "मला टिक झालं की मी सांगेन, हा सांगेल की तो मासा आहे की दगड. नोरीन, दाखव एक काठी. दोन तुकड्यांचीच. आमच्या गाडीच्या खिडकीला तोडायची सवय लागलीय."

नोरीननं पहिलीच काठी पुन्हा जोडून दिली. लव्हॉननं ती झाडू धरावा तशी धरली. डेलमरनं पुढे होऊन तिची बोटं हळूहळू सरळ केली, एक दोऱ्याच्या रिळाच्या पुढे, एक मागे, पहिलं बोट काठीला नुसतं लागलेलं. त्याला तिचा हात हाताला लागत नव्हता. दिसत होता तेवढाच. मग तो सात फूट मागे गेला आणि शेंडा स्वतःच्या गळ्याला लावला.

"हूंऽऽ," तो म्हणाला.

"अय्या!" लव्हॉन दचकली. "मुंगी चालल्यासारखं झालं."

"नुसतं 'हूं' कुणालाही कळतं," नोरीन म्हणाली. "काही तरी बोल रे, डेलमर. बारीक आवाजात. नाजूक काठी आहे ती."

बोल? काय बोलणार? दुकानातली पंधरा माणसं बघत होती. डेलमरनं टोपी पुढे ओढली, मान खाली घातली, आणि ओठ जेमतेम हलवत, सात फूट लांब उभ्या असलेल्या बायकोला, जे तो चव्वेचाळीस वर्षं गाडीचं ऑइल बदलून सांगत आला होता, ते सांगितलं.

"मोठ्यानं बोल की!" हार्लन कानाला हात लावून म्हणाला. "काही ऐकू येत नाही!"

"तुझ्यासाठी नाहीये ते!" नोरीन त्याच्यावर खेकसली.

लव्हॉन हलली नाही. सेट केलेल्या केसांखाली तिचे कान हळूहळू लाल होत गेले. मूठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"काय गं?" नोरीननं जरा वेळानं विचारलं. "आहे का जिवंत?"

"तशी बरी वाटतेय," लव्हॉन म्हणाली. "पण एकाच काठीवर कसं ठरवायचं? बाकीच्या पण दाखव की."

"बाकीच्या म्हणजे कुठल्या?"

"सगळ्या."

मग काय! नोरीन एकेक काठी जोडून देत गेली, लव्हॉन मूठ धरत गेली, आणि डेलमर टोपीपासून कॉलरपर्यंत लालबुंद होऊन प्रत्येक काठीत तेच बोलत गेला. सहाव्या काठीला त्याला पाणी द्यावं लागलं. नवव्या काठीला त्याचा आवाज बसला, तेव्हा लव्हॉन म्हणाली, "ही जरा मंद दिसते. पुन्हा म्हण बरं." त्यानं पुन्हा म्हटलं.

अकराव्या काठीनंतर लव्हॉननं रुमालानं डोळे टिपले, केस सारखे केले, पर्स उघडली, आणि पहिलीच काठी बांधून द्यायला सांगितली.